भूक नसताना हात डब्याकडे जातो तेव्हा

दुपारच्या जेवणाला अजून चार तासही झालेले नसतात. साडेचारचा चहा घेऊन झाल्यावर कप विसळायला म्हणून आपण ओट्यापाशी जातो आणि परत येतो तेव्हा मुठीत शेव असते. डबा कधी उघडला, झाकण पुन्हा लावले की नाही, हे कुणी विचारले तर धड सांगता येत नाही. अबरचबर, चरणे, तोंडाचा चाळा असे जे शब्द आपण या खाण्यासाठी वापरतो, त्यांतच हा प्रकार पोटापेक्षा हाताचा आणि तोंडाचा अधिक आहे ही जाणीव आलेली आहे. आधीचे अन्न पचायच्या आत पुन्हा खाण्याला चरकसंहितेत ‘अध्यशन’ असे स्वतंत्र नाव दिलेले आहे, तेव्हा ही खोड फरसाणाच्या पाकिटांहून पुष्कळच जुनी म्हटली पाहिजे.

ती मोडू पाहणारे बहुतेक जण भलत्याच वेळी जोर लावतात, असे माझे मत आहे. हात डब्यात गेल्यावर मनाशी झगडत बसून फारसे काही साधत नाही. जे करायचे ते सकाळी न्याहारीच्या वेळी, वाणसामानाची यादी करताना आणि स्वयंपाकघरातल्या फळ्या लावताना, म्हणजे डोके शांत असताना करायचे असते. पुढे सांगितलेली रीत मी स्वतः दोन वेळांवर वापरून पाहिली: संध्याकाळचे फरसाण आणि रात्री दहानंतरची बिस्किटे. पहिली सवय सुटली, दुसरी अजून अधूनमधून डोके वर काढते.

आधी भूक ओळखावी

जठर रिकामे होत जाते तसे त्यातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात जास्त प्रमाणात येऊ लागते आणि मेंदूला खाण्याची सूचना मिळते. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधून काढलेल्या या संप्रेरकाची एक खासियत अशी की ते रोजच्या खाण्याची वेळ जवळ आली की त्या वेळेच्या ओढीनेही वाढते. जो माणूस वर्षानुवर्षे साडेचारला काहीतरी तोंडात टाकत आला आहे, त्याचे शरीर साडेचारच्या सुमारास आपणहून तयारीला लागते, आणि त्या वेळी काहीच खाल्ले नाही तरी ही लाट काही वेळाने ओसरते. म्हणून ‘मला खरंच भूक लागल्यासारखं वाटतंय’ असे कुणी म्हणाले तर तो खोटे बोलत नसतो. पण तेवढ्यावरून पोटाला अन्नाची गरज आहे असेही ठरत नाही.

यासाठी मी वरणभाताची कसोटी लावतो. आत्ता समोर गरम वरणभात, किंवा सकाळची पोळी आणि उरलेली भाजी आली तर मी बसून खाईन का, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर ती भूक आहे आणि मग सरळ ताट घेऊन जेवावे किंवा पोटाला आधार होईल असे काही खावे, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. वरणभात नको, पोळीभाजीही नको, फक्त कुरकुरीत आणि खारट काहीतरी पाहिजे, असे उत्तर आले तर ती जिभेची मागणी आहे. भूक हळूहळू चढते आणि अन्नाच्या बाबतीत फारशी चोखंदळ नसते. चटक मात्र एकाएकी येते आणि पदार्थाचे नाव सांगून येते.

तहानेलाच आपण पुष्कळदा भूक समजतो, म्हणून आधी पेलाभर पाणी प्यावे, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. पाणी प्यायला काहीच हरकत नाही, पण या एका पेल्यावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांची निराशाच झालेली मी पाहिली आहे.

सात दिवसांची वही

उपाय सुरू करण्याआधी आठवडाभर काहीही न बदलता केवळ नोंद ठेवावी. जेवणाखेरीज जे जे तोंडात जाईल, मग ते स्वयंपाक करताना उचललेले खोबरे असो की मुलाच्या डब्यात उरलेला अर्धा पराठा, त्यासाठी एक ओळ लिहावी: वेळ, जागा, त्याच्या लगेच आधी आपण काय करत होतो, सोबत कोण होते आणि भूक दहापैकी किती होती. पदार्थाचे नाव लिहावे, पण वजन आणि कॅलरी लिहू नयेत, कारण आकडे लिहू लागले की माणूस हिशोब चांगला दिसावा म्हणून खाणे बदलतो आणि मग खरी सवय वहीत उतरतच नाही. नोंद खाण्याआधी करता आली तर उत्तम, नाहीतर लगेच नंतर करावी. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदी अपुऱ्या राहतात, कारण या खाण्याचा बराचसा भाग लक्षातच राहत नाही.

माझ्या वहीत सातव्या दिवशी जे दिसले त्याने मी चकित झालो. मी स्वतःला ‘ताण आला की खाणारा’ समजत होतो, आणि प्रत्यक्षात ताणाच्या एकाही दिवशी डब्याला हात लागलेला नव्हता. बहुतेक नोंदींच्या आधी एक काम संपलेले होते आणि दुसरे सुरू व्हायचे होते: हिशोबाची फाइल बंद केली, फोन ठेवला, कपडे वाळत घातले, आणि मग स्वयंपाकघर. खाणे हा माझ्या दोन कामांमधला स्वल्पविराम होता. दुसऱ्या कुणाच्या वहीत टीव्हीचा रिमोट निघेल, तिसऱ्याच्या वहीत संध्याकाळी सात वाजता मोकळे पडलेले घर, चौथ्याच्या वहीत सासरी किंवा कार्यालयात गिळलेला राग. कारण वेगळे असले की उपायही वेगळा असतो. रागावर उतारा म्हणून खाणाऱ्याला डबा उंच फळीवर ठेवून पुरत नाही, त्याला कुणाशी तरी बोलावे लागते.

जागा आणि प्रसंग यांची पकड किती घट्ट असते हे दाखवणारा एक प्रयोग २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चित्रपटगृहात आलेल्या प्रेक्षकांपैकी काहींना ताजे आणि काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले गेले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले, पण एका बैठकीच्या खोलीत तसेच मऊ पडलेले पॉपकॉर्न त्यांच्यापुढे ठेवल्यावर मात्र त्यांनी ते फारसे खाल्ले नाही. चित्रपटगृहातच रोजच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावले तेव्हाही सवयीची साखळी तुटली. उजव्या हाताने खाणाऱ्याने डाव्या हाताने चिवडा खाणे आपल्याकडे बरे दिसत नाही, पण घरी एकट्याने चमच्याने खाऊन पाहावे. पहिल्या दोन-तीन घासांतच आपल्याला हे हवे आहे का, असा प्रश्न पडू लागतो.

जेवणातली तूट भरून काढावी

वही चाळताना एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. संध्याकाळच्या नोंदींत भुकेचा आकडा सहा-सातच्या वर दिसत असेल, तर दोष मनाचा नाही, दुपारच्या जेवणाचा आहे. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी घाईत दोन पोळ्या आणि थोडी बटाट्याची भाजी, असा दिवस गेलेला माणूस पाच वाजता फरसाणावर तुटून पडला तर त्यात नवल ते काय? त्याला इच्छाशक्तीचे धडे देण्याऐवजी उसळीची वाटी द्यावी.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला साधारण ५० ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात आणि पेलाभर दुधातून जवळपास तेवढीच. पातळ वरणाची एक वाटी या हिशोबात फार पुढे नेत नाही. मटकी किंवा चवळीची घट्ट उसळ, पिठले, दही, अंडी, मासे, पनीर यांपैकी काहीतरी न्याहारीला आणि दुपारी नक्की असावे, सोबत काकडी-गाजराची कोशिंबीर किंवा पालेभाजी असावी. प्रथिने आणि तंतू यांमुळे पोट भरल्याची भावना जास्त वेळ टिकते. हा बदल केल्यावर दहाएक दिवसांत संध्याकाळच्या निम्म्या नोंदी आपोआप गळून पडल्या, असे अनेकांच्या बाबतीत होते, आणि मग पुढचे उपाय उरलेल्या निम्म्यांवरच करावे लागतात.

जेवताना मोबाइल बाजूला ठेवावा, या सल्ल्यामागेही केवळ शिस्त नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातील सुझान हिग्ज यांच्या प्रयोगांत असे दिसले की दुपारी काय जेवलो हे आठवायला सांगितलेल्या व्यक्तींनी नंतर समोर ठेवलेली बिस्किटे कमी खाल्ली, तर जेवताना लक्ष दुसरीकडे असलेल्यांनी नंतर जास्त खाल्ले. पोटाइतकीच स्मरणशक्तीही तृप्तीचा हिशोब ठेवत असते. चार वाजता हुक्की आली की दुपारच्या ताटात काय काय होते, भाजी कशी झाली होती, ताक घेतले होते का, हे अर्धा मिनिट आठवून पाहणे हा अगदी फुकटचा उपाय आहे.

झोपेचेही असेच आहे. शिकागो विद्यापीठात १२ तरुणांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सलग दोन रात्री चारच तास झोपू दिल्यावर घ्रेलिनचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढले आणि तृप्तीची सूचना देणाऱ्या लेप्टिनचे १८ टक्क्यांनी घटले. अभ्यास लहान होता, पण जागरणानंतरच्या दिवशी वडापावच्या गाडीसमोर आपले काय होते हे ज्याला त्याला ठाऊक आहे.

डबा, फळी आणि दुकान

आता स्वयंपाकघराकडे वळू. पारदर्शक बरण्यांत शेव, चकली, खारे शेंगदाणे ओट्याच्या वरच हारीने मांडून ठेवण्याची जी पद्धत आली आहे, ती या कामात सर्वात महागात पडते. नजरेस पडलेली वस्तू तोंडाला पाणी आणते, आणि दिवसातून वीस वेळा आपण त्या ओट्याशी जातो. हे पदार्थ स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून स्टुलाशिवाय हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावेत. केळी, पेरू, संत्री, भाजलेले चणे आणि ताकाचे पातेले मात्र सहज दिसेल, हाताशी येईल असे ठेवावे. स्टूल आणायला लागणारा अर्धा मिनिट फार क्षुल्लक वाटतो, पण चाळा म्हणून होणारे खाणे तेवढ्या अडथळ्यावर अडते. खरी भूक असेल तर माणूस स्टूल आणतोच.

खरेदी करताना किलोचे पाकीट स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. फरसाणाच्या दुकानातून पावशेर सुटे आणावे आणि ते संपल्यावर पुढचा आठवडा उजाडेपर्यंत नवे आणू नये. पाकीटबंद शेव-फरसाणावरचा तक्ता वाचला तर १०० ग्रॅमला साधारण ५०० ते ६०० कॅलरी दिसतात, आणि चहासोबत बोलता बोलता ५० ग्रॅम कधी संपतात ते कळतही नाही. शिवाय कारखान्यात बनलेल्या पाकीटबंद पदार्थांची घडणच जास्त खाल्ले जाईल अशी असावी, अशी शंका घ्यायला जागा आहे: अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खायला दिले, तेव्हा पहिल्या प्रकारच्या आठवड्यांत ते दररोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते.

लहान ताटली घेतली की कमी खाल्ले जाते, असे सांगणारे लेख मात्र थोडे सावधपणे वाचावेत. या प्रकारचे अनेक गाजलेले निष्कर्ष कॉर्नेल विद्यापीठातील ज्या प्रयोगशाळेतून आले, तिच्या प्रमुखाचे बरेच शोधनिबंध २०१८ पर्यंत मागे घेतले गेले. वाटी वापरण्याचे माझे कारण निराळे आहे. डब्यातून किंवा पाकिटातून थेट खाताना शेवट कुठे आहे तेच ठरलेले नसते. वाटीत काढून घेतले, झाकण लावले, डबा फळीवर परत ठेवला आणि मग बसून खाल्ले की वाटी रिकामी होण्याच्या क्षणी एक प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि पुन्हा स्टूल आणायचे की नाही याचे उत्तर शुद्धीवर राहून द्यावे लागते. म्हणून घरात एकच नियम कडक असावा: जे खायचे ते वाटीत घेऊन, एका ठरलेल्या जागी बसून, समोर टीव्ही किंवा मोबाइल नसताना खायचे. उभ्याने, फ्रीजच्या उजेडात आणि पलंगावर खाणे बंद, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

हुक्की आल्यावरची पंधरा मिनिटे

इतके करूनही हुक्की यायची ती येतेच. अशा वेळी तिच्याशी वाद घालू नये आणि ‘चकलीचा विचारच करायचा नाही’ असेही ठरवू नये, कारण मग चकलीखेरीज दुसरे काही सुचत नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट आपल्या रुग्णांना अशा ओढीकडे समुद्राच्या लाटेसारखे पाहायला शिकवत: ती उठते, चढते, फुटते आणि मागे जाते, आपण फक्त तिच्यावर तरंगत राहायचे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या किनाऱ्यावर ज्याने भरतीच्या लाटा अंगावर घेतल्या आहेत त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. प्रत्यक्षात करायचे ते इतकेच, की घड्याळात वेळ पाहावी, पंधरा मिनिटांनंतर खायचे की नाही ते ठरवू असे स्वतःला सांगावे, आणि तोवर ही ओढ शरीरात कुठे जाणवते आहे, जिभेच्या मुळाशी, जबड्यात की हातात, याकडे लक्ष द्यावे. पंधरा मिनिटांनंतरही खावेसे वाटले तर वाटीत घेऊन खावे. ही सूट खरी असली पाहिजे. स्वतःला दिलेला शब्द मोडला की पुढच्या वेळी मन थांबायला तयार होत नाही.

या पंधरा मिनिटांत हातपाय हलवणे सर्वात उपयोगी पडते. एक्सेटर विद्यापीठाच्या २०१२ मधील एका अभ्यासात पंधरा मिनिटे भरभर चालून आलेल्या व्यक्तींनी नंतर काम करताना समोरचे चॉकलेट न चाललेल्यांच्या मानाने जवळपास निम्मेच खाल्ले. गच्चीवर चकरा माराव्यात, जिने उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन यावे, मात्र तो कोपरा भजीच्या गाडीचा नसावा. बाहेर पडणे शक्य नसेल तर डोळे आणि हात दोन्ही गुंततील असे काही करावे. खाण्याची ओढ मनात चित्राच्या रूपाने वाढते, कढईतून निघालेली भजी, तिच्यावर पडणारे मीठ, आणि त्यामुळे नजरेला दुसरे काम दिले की ते चित्र विस्कटते. प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांना तीन मिनिटे टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळल्यानेही खाण्यापिण्याची ओढ कमी झालेली आढळली. रांगोळीचे ठिपके काढणे, भाजी निवडणे, शिवणकाम, मुलाबरोबर पत्त्यांचा बंगला, हे सगळे त्याच जातीचे उपाय आहेत. मोबाइलवर पाककृतींचे व्हिडिओ पाहणे हा मात्र नेमका उलटा उपाय ठरतो.

तोंडात काहीतरी ठेवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी लवंग, वेलची किंवा भाजलेली बडीशेप चघळावी, अथवा रात्री जेवणानंतर लगेच दात घासून टाकावेत. सुपारीकडे वळू नये. सुपारी कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फार पूर्वीच जाहीर केले आहे, आणि गोड मुखवासात ती बेमालूम मिसळलेली असते. खाण्याऐवजी पुन्हा पुन्हा चहा घेणे हीही एक पळवाटच आहे. दोन चमचे साखरेचे चार कप झाले की तीस-चाळीस ग्रॅम साखर पोटात गेली, आणि जागतिक आरोग्य संघटना तर दिवसभरात वरून घेतलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते.

ठरलेल्या प्रसंगासाठी ठरलेले वाक्य आधीच तयार ठेवले तर वेळेवर विचार करावा लागत नाही. ‘संध्याकाळी खाणं कमी करेन’ हा संकल्प फार मोघम आहे. ‘चहा झाला की कप विसळून मी सरळ गच्चीवर जाईन’, ‘मालिका सुरू झाली की विणकाम हातात घेईन’, अशी वेळेला आणि जागेला बांधलेली वाक्ये टिकतात, आणि वहीत जो प्रसंग सर्वात जास्त वेळा आला असेल त्यासाठी एकच वाक्य करावे. एकदम पाच करू नयेत.

संपूर्ण बंदी का घालू नये

‘आजपासून फरसाण बंद’ ही प्रतिज्ञा मी तीनदा केली आणि तिन्ही वेळा पहिल्या अपयशाच्या दिवशी जितके खाल्ले तितके एरवी आठवडाभरातही खाल्ले नसते. एकादशी आणि दुप्पट खाशी, असे म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे पक्के ठाऊक होते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन यांनी १९७५ मध्ये याचीच परीक्षा घेतली: आहारावर कडक नियंत्रण ठेवणाऱ्या स्त्रियांना आधी मिल्कशेक प्यायला दिले तर त्यांनी त्यानंतर आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्तच खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आता आजचा दिवस तरी मनसोक्त खाऊन घेऊ, असा हा विचार असतो, आणि तो फक्त ज्याने नियम केला त्यालाच सुचतो.

म्हणून आवडत्या पदार्थाला आठवड्यात ठरलेली जागा द्यावी. रविवारी सकाळी मिसळ, किंवा शनिवारी संध्याकाळी सगळ्यांबरोबर बसून एक वाटी भडंग, असे ठरले की मंगळवारी ‘नाही’ म्हणणे सोपे जाते, कारण ते कायमचे ‘नाही’ नसते. जेवण झाल्यावर काहीतरी गोड हवेच असेल तर ते जेवणाचाच भाग म्हणून ताटातच वाढून घ्यावे. एकाच चवीचे खाता खाता त्या चवीचा कंटाळा येतो, नव्या चवीचा येत नाही, आणि त्यामुळेच पंगतीत पोट तुडुंब भरल्यावरही जिलबीला जागा निघते. ताट उचलल्यावर पुन्हा डबे उघडले तर ही नवी नवी चव शोधण्याला अंत राहत नाही.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरांत जो वाद रंगला होता तो इथे आठवतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, कडक भूक लागेल तेव्हा ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगतात, तर ऋजुता दिवेकर थोडे थोडे आणि वरचेवर खाण्याच्या बाजूच्या. दोन्हीकडे निष्ठावंतांची कमतरता नाही. आपल्या विषयापुरते बोलायचे तर यांपैकी काहीही निवडले तरी खाण्याच्या वेळा आधी ठरलेल्या राहतात, आणि ठरलेल्या वेळा असणे हेच चरण्याच्या विरुद्ध टोक आहे. जे घरात आणि कामात वर्षभर जमेल ते घ्यावे.

आग्रह आणि उरलेसुरले

वहीत ज्यांचे बहुतेक खाणे इतरांच्या सोबतीत झालेले दिसते त्यांची अडचण थोडी वेगळी असते. आपल्याकडे पाहुण्याने काही न घेणे म्हणजे यजमानाला नाराज करणे. नुसते ‘नको’ म्हटले की आग्रह वाढतो, ‘डाएट चालू आहे’ म्हटले की चर्चा सुरू होते. ‘काकू, आत्ताच जेवून निघालोय, पण तुमच्या हातची करंजी सोडणार नाही, दोन बांधून द्या’ असे म्हटले की मान राहतो आणि खाण्याची वेळही आपल्या हातात येते. कार्यालयात कुणाच्या वाढदिवसाचे समोसे आले तर अर्धा घेऊन उरलेला कुणाला तरी देण्याची पद्धत सुरू करावी. बहुतेकांना मनातून अर्धाच हवा असतो.

घरातल्या स्त्रियांचे निम्मे अबरचबर मात्र स्वतःच्या हौसेचे नसतेच. मुलाने टाकलेला अर्धा लाडू, पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात, कुणीच न घेतलेला शेवटचा वडा, हे वाया जाऊ नये म्हणून तिच्या पोटात जाते. अन्न टाकू नये हा संस्कार चांगला आहे, पण पोटात नको असताना ढकललेले अन्नही वायाच गेलेले असते. मुलांना आधी कमी वाढावे आणि मागितल्यावर पुन्हा वाढावे, उरलेल्या भातासाठी फ्रीजमध्ये एक ठरलेला डबा ठेवून सकाळी त्याचा फोडणीचा भात करावा, आणि हे काम एकट्या आईच्या गळ्यात न घालता घरातल्या सगळ्यांनी उचलावे.

कुणी ही रीत वापरू नये

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी मधल्या वेळचे खाणे स्वतःच्या मनाने बंद करू नये. हातापायांना कंप, घाम, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे ही चटक नसून साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. तपासणीत साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आली असेल तर तीनेक चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि वाढत्या वयाची मुले यांना मधल्या वेळी खाण्याची खरोखर गरज असते. स्टिरॉइड आणि मानसिक आजारावरची काही औषधे भूक वाढवतात, अशा वेळी औषध न थांबवता डॉक्टरांशी बोलावे.

थोड्याच वेळात खूप अन्न खाल्ले जाते, मध्ये थांबताच येत नाही, नंतर शरम वाटते किंवा ते लपवावे लागते, आणि असे आठवड्यातून एकदा तरी याप्रमाणे तीन महिने चालू आहे, असे असेल तर हा सवयीचा नव्हे, आजाराचा भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे लगेच शक्य नसेल तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. अशा व्यक्तीने वर सांगितलेली वही आणि पंधरा मिनिटांचे नियम एकट्याने सुरू करू नयेत.

किती दिवस लागतील

एकवीस दिवसांत सवय लागते असे जे म्हणतात त्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून थेट २५४ पर्यंत होता. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून घडणाऱ्या सवयीत फारसा फरक पडत नाही, हेही त्यांना दिसले. तेव्हा मंगळवारी डबा उघडला गेला तर बुधवारी फक्त एवढेच तपासावे की मंगळवारी काय वेगळे होते: झोप कमी झाली होती, दुपारचे जेवण राहिले होते, की कुणी तरी तो डबा पुन्हा ओट्यावर आणून ठेवला होता? माझ्या घरी बहुतेक वेळा तिसरे कारण निघते, आणि तो आणून ठेवणाराही मीच असतो.

दिवाळीचा आठवडा यातून वगळावा. फराळ मनापासून खावा, शेजारी आणि ओळखीच्यांकडे भरपूर वाटावा, आणि भाऊबीज झाल्यावर उरलेला चिवडा, शेव, चकल्या एकाच मोठ्या डब्यात भरून स्टुलावर चढून फळीवर ठेवावा. शंकरपाळ्यांचा डबा मात्र वेगळा ठेवावा, कारण त्या इतक्या गुपचूप संपतात की वहीत त्यांची एकही नोंद सापडत नाही.